माझ्या दातांना लावलेली हळद

मित्रांनो, मी चार वर्षांचा आहे आणि म्हातारा आहे. ग्राफिक्स कार्डाचं आयुष्य असंच असतं. तुमचं शाळेत नाव घालतात त्या वयात आम्ही जुने होतो. हल्ली मी सांगलीला, विश्रामबागेतल्या एका लहानशा दुकानात फळीवर बसलेला असतो. माझ्या दोन पंख्यांपैकी एकाचं पातं उडालंय आणि उजव्या कडेला गोंदाचा एक पिवळट डाग आहे, तो काही केल्या जात नाही. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना गोड गोड बोलतात, असं तुम्ही वाचलं असेल. मला ते जमणार नाही. मी रागावलेला आहे, आणि का रागावलोय ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

आधी माझं काम सांगतो. कॉम्प्युटरच्या पडद्यावर जे जे हलतं, पळतं, फिरतं, ते भराभर तयार करून दाखवायचं काम माझं. माझ्या खालच्या कडेला सोनेरी पट्ट्यांची एक रांग आहे. तिला मी माझे दात म्हणतो. कॉम्प्युटरच्या पोटात एक लांब खाच असते. तिच्यात हे दात घट्ट बसले की सोळा वाटांनी चित्रांची ये-जा एकदम सुरू होते. या दातांना बोटाचा घामसुद्धा लागू द्यायचा नसतो. हे माझ्या खोक्यावर चित्र काढून दाखवलं होतं. चित्र, मित्रांनो. त्यासाठी वाचता यायचीही गरज नव्हती.

दूरदेशीच्या कारखान्यात मी तयार झालो, आणि हातोहाती फिरत दीपमालाच्या दुकानात पोचलो. तेव्हा ते दुकान जेमतेम सहा महिन्यांचं होतं. तिचे वडील राजाराम त्याच गाळ्यात तीस वर्षं कपडे शिवत होते. मुलगी कॉम्प्युटरचं शिकून आली तेव्हा त्यांनी आपलं शिलाई मशीन एका भिंतीला सरकवलं आणि उरलेली जागा तिला दिली. एका बाजूला पँटची उंची कमी होई, दुसऱ्या बाजूला कॉम्प्युटर दुरुस्त होई. दुकानाला नाव मिळायचं होतं आणि दीपमालाला ते चोख कामावर मिळवायचं होतं. म्हणून तिने एक नियम केला होता. कुठलीही नवी वस्तू गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी ती आपल्या कॉम्प्युटरवर दिवसभर पळवून बघायची.

मलाही तिने पळवलं. सकाळी दहापासून दिवेलागणीपर्यंत मी पळालो. अंग तापलं, पंखे घुमले, पण एकही चित्र अडलं नाही. संध्याकाळी ती वडिलांना म्हणाली, "बाबा, हे कार्ड लय भारी हाय. दिवसभरात एकदा अडकलं न्हाई." आयुष्यात माझं झालेलं ते पहिलं कौतुक. ते मी अजून विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी हंबीरराव आले. लोणंदजवळच्या एका गावचे गडी. बैलगाडा शर्यतीचं मैदान भरलं की त्यांची पिकअप तिथे हजर. चार कॅमेरे, एक कॉम्प्युटर आणि वर ताडपत्री. शर्यत मोबाईलवर थेट दाखवायची, आणि दोन बैलजोड्या एकदम रेषेवर आल्या की तोच क्षण संथ करून तीनदा परत दाखवायचा. पूर्वी पंचाच्या डोळ्यावर निकाल लागे आणि भांडणं होत. आता पडद्यावर लागतो. जुनं कार्ड या कामाला पुरत नव्हतं म्हणून त्यांना मी हवा होतो.

दीपमाला म्हणाली, "दादा, कॅबिनेटच घेऊन या की. मी बसवून, चालवून देते."

"आवं ताई, उद्या दसरा हाय. आमच्यात नवी वस्तू पूजल्याबिगर जोडत न्हाईत. आमचा आकाराम बसवतूय. त्याला त्यातलं समदं येतंय."

तेव्हा ती 'ताई' होती, हे लक्षात ठेवा.

दसऱ्याला मला पाटावर ठेवलं. शेजारी कॅमेरे, पिकअपची किल्ली, कोयता. झेंडूची फुलं, आपट्याची पानं. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. कारखान्यात कुणी असं मायेनं बघत नाही. पूजेचा मला राग नाही, पुन्हा कुणी केली तर मी पुन्हा पाटावर बसेन. माझी पाठ विटेपेक्षा रुंद आहे. तिच्यावर कुंकवाचं बोट लावा, फूल ठेवा, नारळ ओवाळा. पण हंबीररावांना माझी पाठ काळी दिसली आणि दात सोनेरी दिसले. त्यांनी वाटीत हळद कालवली, चांगली घट्ट, आणि पाचही बोटांनी माझ्या दातांवर ओढली. वरून कुंकू.

त्यांची बायको राजनंदिनी ताट धरून उभी होती. मैदानात कॉम्प्युटर तीच चालवते. ती म्हणाली, "आवं, तिथं नगा लावू. तिथनंच जोडायचं असतंय ते."

"गप गं. बैलाच्या शिंगाला लावतूय, तवा बैल पळायचा थांबतूय व्हय?"

याला काय उत्तर द्यायचं? बैल शिंगांनी पळत नाही, एवढंच मी सांगू शकलो असतो, पण मला तोंड नाही.

मग आकाराम पुढे झाला. हा हंबीररावांचा चुलतभाऊ, मैदानातला समालोचक. माईक हातात असला की दोन तास दम न घेता बोलतो, आणि ज्याला बोलता येतं त्याला सगळंच येतं, अशी त्याची पक्की समजूत. त्याने ओल्या हळदीसकट मला खाचेत दाबलं. पिकअप शेतातून हादरते, कार्ड हलायला नको, म्हणून वरून ग्लू गनने गरम गोंद ओतला. माझ्या कडेचा डाग तो हाच. तळहात झटकत तो म्हणाला, "आता भूकंप झाला तरी हलत न्हाई, दादा."

हळद वाळली. खाचेत जिथे दातांना दात भिडायला हवेत तिथे तिचा थर बसला. सोळा वाटांपैकी पंधरा बंद झाल्या. टोलनाक्यावर सोळा खिडक्या असाव्यात आणि एकच उघडी असावी, तसं झालं. मी आतल्या आत पूर्ण ताकदीने चित्रं तयार करत होतो आणि ती त्या एका खिडकीशी रांगेत खोळंबत होती. बाहेरून बघणाऱ्याला वाटे, हे कार्डच मेंगळट आहे.

पहिल्याच मैदानात शोभा झाली. सेमीच्या गटात दोन जोड्या बरोबरीने आल्या. हजारो माणसं मोठ्या पडद्याकडे बघत होती. राजनंदिनीने तो क्षण परत लावला. बैल रेषेच्या दोन हात अलीकडे असताना चित्र गोठलं, आणि सुटलं तेव्हा बैल रेषेच्या पार पुढे, गुलालात. मधलं काहीच दिसलं नाही. मैदानात आरडाओरडा सुरू झाला. कमिटीचे दादासो पाटील येऊन म्हणाले, "हंबीरराव, पुढच्या बारीला असं झालं तर दुसरा लाईव्हवाला बघावा लागंल आमास्नी."

आता कुणीही शहाणा माणूस काय करेल? ज्या दिवशी वस्तू बसवली त्या दिवशी आपण काय केलं, ते आठवेल. पण हंबीरराव आणि आकारामने जे जे केलं ते ऐका. आधी सगळं पुसून विंडोज नव्याने घातलं. मग माझं सॉफ्टवेअर तीनदा काढलं, तीनदा घातलं. यूपीएस बदलला. वायरी बदलल्या. माझ्यासमोर टेबल फॅन लावला, मला गरम होतंय म्हणून. नजर लागली असेल म्हणून कॅबिनेटला लिंबूमिरची बांधली. राजनंदिनी दोनदा म्हणाली, "एकदा काढून दात तर बघा." दोन्ही वेळा तिला गप्प केलं. तिसऱ्यांदा ती बोललीच नाही. तिचाही मला तेव्हा राग आला होता.

शेवटी आकारामने दीपमालाला फोन लावला. तिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्याच वाक्यात मुद्द्यावर बोट ठेवलं. "कार्ड खाचेतनं बाहेर काढा, दात बघा. काही लागलंय का, नीट बसलंय का."

गोंद कापायचा कंटाळा. आपण केलेली कारागिरी मोडायचा कमीपणा. आकाराम म्हणाला, "बघितलं की. सोन्यागत चकाकत्यात."

मित्रांनो, मी तिथेच होतो. त्याने मला हातसुद्धा लावला नव्हता.

दीपमालाने विश्वास ठेवला. समोरचा माणूस बघितलं म्हणतो म्हणजे बघितलं असणार, अशी तिची रीत. तिच्या घरी हळदकुंकू लावत नाहीत. नवी वस्तू आली तर बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावतात, तीही हातभर अंतरावर. कार्डाच्या दातांना कुणी हळद लावेल, हे तिच्या डोक्यात येणार कसं? तिने दुसरा पॉवर सप्लाय पाठवून दिला. तो लावला, काही फरक पडला नाही. पडणारच नव्हता.

पुढचं मैदान आलं. पुन्हा चित्र अडलं, पुन्हा हुर्यो झाली. पडद्याच्या कोपऱ्यात मोबाईलवर बघणाऱ्यांचा आकडा दिसत होता. चाळीस हजारांच्या वर. हंबीररावांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी आकारामच्या हातातला माईक घेतला आणि म्हणाले, "मंडळी, माफी असावी. यात आमची चूक न्हाई. सांगलीत विश्रामबागला दीपमाला म्हणून एक पोरगी हाय, तिनं आमाला वापरलेलं, खराब कार्ड नवं म्हणून दिलं. फसवलं आमाला. तुमी कुणी तिकडं जाऊ नगा."

ताईची पोरगी झाली. आणि हे वाक्य चाळीस हजार मोबाईलांवर पोचवायचं काम कुणाला करावं लागलं? मला. त्या एका खिडकीतून, अडखळत, मीच ते ढकललं. एरवी प्रत्येक चित्र अडत होतं, नेमकं हेच कसं सगळं गेलं, याची मला अजून चीड येते.

पुढे काय झालं ते मला नंतर दुकानात कळलं. दीपमालाच्या फोनवर दिवसभर शिव्या आल्या. एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेचं काम ठरलं होतं, त्यांनी 'नंतर बघू' सांगितलं. दोन गिऱ्हाइकं दुरुस्तीला दिलेले कॉम्प्युटर तसेच उचलून घेऊन गेली. राजारामांचं तीस वर्षांपासूनचं एक गिऱ्हाईक शिवायला टाकलेला सफारीचा कपडा परत घेऊन गेलं. राजाराम मुलीला म्हणाले, "चूक तुझी असंल तर कबूल कर. नसंल तर घरात बसून काय हुतंय? जा तिकडं." दीपमालाने पिशवीत हत्यारं भरली आणि सकाळची पॅसेंजर धरून लोणंदला उतरली.

हंबीररावांच्या ओसरीत कॉम्प्युटर मांडलेला होता. दुसऱ्या दिवशी हंगामातलं सगळ्यात मोठं मैदान होतं. हंबीरराव तिला बघून म्हणाले, "आता कशाला आलीस?"

"माझी वस्तू बघायला. तुमच्या समोर बघणार, आणि काय निघंल ते तुमीच सांगायचं."

तिने कॅबिनेट उघडलं आणि गोंद दिसल्यावर आकारामकडे बघितलं. "आकारामभाऊ, दात बघितलं म्हणाला होता ना? गोंद तर एकदाच ओतलेला दिसतोय. न कापता कसं काढलं कार्ड?"

दोन तास न थांबता बोलणारा आकाराम कोपऱ्यातली ग्लू गन पायाने पलंगाखाली सरकवायला लागला. मला फार समाधान वाटलं.

तिने पात्याने गोंद हळूहळू सोडवला, खटका दाबला आणि मला वर काढलं. माझे दात सगळ्यांना दिसले. पिवळे, मध्ये लाल, वाळून भेगा पडलेले. खाचेतूनही हळदीचे तुकडे पडले. दीपमालाने बोट लावून वास घेतला आणि तिला काही क्षण खरंच समजेना. मग तिचे डोळे भरले. रडू दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं.

"हळद," ती म्हणाली. "याच्यासाठी माझं दुकान बुडवलं तुमी."

राजनंदिनी खाली बघून म्हणाली, "दसऱ्याला लावली यांनी. मी सांगितलं हुतं. तुमाला फोन करून सांगाय पायजे हुतं, ते केलं न्हाई. चुकलं माझं."

आणि हंबीरराव? हंबीरराव हसले. "एवढंच व्हय? मला वाटलं मोठं काय तरी. निघालं ना, मिटलं मग. च्या टाक गं."

मित्रांनो, माझा सगळ्यात मोठा राग या हसण्यावर आहे. हळद लावली, ती भाबडेपणाने लावली. चूक कुणाकडूनही होते. पण दुसऱ्याचं नाव मातीत घालून झाल्यावर 'एवढंच व्हय' म्हणणारा माणूस भाबडा नसतो.

दीपमालाने चहा घेतला नाही. तिने साधा शाळेतला खोडरबर काढून माझे दात घासले, स्पिरिटने पुसले, मऊ ब्रशने खाच साफ केली आणि मला परत बसवलं. अर्ध्या तासाचं काम. पडद्यावर वाटांचा आकडा एकाऐवजी सोळा दिसला. चारही कॅमेऱ्यांची चित्रं झरझर धावायला लागली. मला वाटलं, कुणीतरी नाकावरची उशी काढली.

"आता ज्या माईकवर बोललात त्याच माईकवर खरं सांगा," दीपमाला म्हणाली.

"सांगतूय की. उद्याच सांगतूय. शबुद दिला."

शब्द त्यांनी पाळला, पण कसा ते ऐका. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला, मैदानात अजून पाणी मारत होते, बैल टेम्पोतून उतरायचे होते. हंबीररावांनी लाईव्ह सुरू केलं, माईक तोंडाशी धरला आणि एका दमात म्हणाले, "कार्ड चांगलं हुतं, चूक आमची हुती, हळद आमीच लावली, दीपमालाताईंचा काय दोष न्हाई." आणि माईक ठेवून दिला. कोपऱ्यात आकडा होता एकोणीस. खोटं चाळीस हजारांना सांगितलं आणि खरं एकोणीस जणांना. आकाराम टाळी देत म्हणाला, "बास की, दादा. सांगितलं म्हंजे सांगितलं." राजनंदिनी पलीकडे वायरी जोडत होती. तिने वर बघितलं नाही.

दिवसभर मी असा पळालो की काय सांगू. सोळाही वाटा मोकळ्या. एकेक निकाल स्वच्छ दिसला, बैलाच्या खुराखालची माती मोजून घ्यावी इतका. दादासो पाटील स्वतः येऊन शाबासकी देऊन गेले. ती हंबीररावांनी घेतली.

सेमी संपल्या. फायनलच्या जोड्या लावायला वेळ होता. हीच वेळ अशी की कुणी मोबाईल खाली ठेवत नाही. आकडा बावन्न हजार झाला. तेव्हा राजनंदिनीने सकाळचा तुकडा शोधला आणि लावला. मोबाईलवर, आणि मैदानातल्या मोठ्या पडद्यावरही. कर्ण्यांतून हंबीररावांचा आवाज घुमला, "कार्ड चांगलं हुतं, चूक आमची हुती."

हंबीरराव रेषेजवळून धावत आले. "काय लावलंयस हे? बंद कर."

"वादाचा निकाल तीनदा दाखवायची रीत तुमीच पाडली की," राजनंदिनी म्हणाली. "आता कुठं एकदा झालाय."

आणि तिने उरलेल्या दोन वेळाही दाखवला. दुसऱ्यांदा संथ करून, तिसऱ्यांदा त्याहून संथ करून. माझ्या उभ्या आयुष्यात मी इतकं मन लावून काम केलं नाही. एकही चित्र अडू दिलं नाही.

पुढे दोन हंगाम मी त्याच पिकअपमधून फिरलो. मग हंबीररावांनी माझ्याहून मोठं कार्ड घेतलं, दीपमालाकडूनच, आणि कॅबिनेट घेऊन गुमान सांगलीला आले. मी जुन्यात तिच्याकडे परत आलो. आता इतरांची यंत्रं तपासायच्या वेळी ती मला लावून बघते. दुकान चालतं. प्रयोगशाळेचं कामही आलं.

पण मित्रांनो, सगळे परत आले नाहीत. त्या दिवशी ज्यांनी ते खोटं ऐकलं आणि फायनल बघितली नाही, असे कितीतरी आहेत. राजारामांचं ते सफारीवालं गिऱ्हाईक अजून समोरच्या फुटपाथवरून मान वळवून जातं. राजाराम दर वेळी मशीन थांबवून त्याच्याकडे बघतात आणि परत पायडल मारायला लागतात. त्या माणसाला खरं सांगायला कुणी जाणार नाही.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, मला हात नसले तरी. वस्तू चालेना झाली तर तिला उघडा आणि आधी आपल्या हाताने काय झालंय ते बघा. न बघता 'बघितलं' म्हणू नका. आणि कुणाचं नाव घेऊन बोलायच्या आधी थांबा, कारण मी वस्तू आहे, खोडरबराने घासून अर्ध्या तासात स्वच्छ झालो. दीपमालाला चार वर्षं होत आली, ती आपलं नाव अजून घासतेच आहे.